आयर्विनला पाणी किती?

(पूरकाळातील महिला व मुलींचे आरोग्य आणि सुरक्षितता या विषयावरील आकाशवाणी भाषणाचा संपादित भाग)

आषाढ-श्रावणात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'आयर्विनला पाणी किती?' १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, ते पाहून आमचं गाव झोपायचं की सामान बांधायचं हे ठरवतं. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००५ साली पाणी ५३ फुटांपर्यंत चढलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांच्या पुढे आलं. किती फुटाला कोणती गल्ली बुडते, कोणत्या चौकात होडी लागते, हे गावातली पुरुष मंडळी झोपेतही सांगतील.

पण त्या गल्लीतल्या कोणत्या बाईला आठवा महिना लागलाय, कोणती म्हातारी जिना उतरू शकत नाही, कोणत्या घरात वयात आलेल्या दोन मुली एकट्या आहेत, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. आज मला त्या हिशेबाबद्दल बोलायचं आहे.

२०१९ च्या पुरात एका शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात मी मदतीला जात होते. कविता लिहिणाऱ्या बाईचा पुरात उपयोग तो काय? म्हणून कार्यकर्त्यांनी माझ्या हातात वही-पेन दिलं आणि येणाऱ्या सामानाची नोंद ठेवायला सांगितलं. तांदूळ, तूरडाळ, बिस्किटांचे पुडे, चादरी, मेणबत्त्या, काडेपेट्या, जुने शर्ट. वही भरत होती आणि मला उगीचच समाधान वाटत होतं. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीकडे गेलं. वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून, मांडीवर दप्तर घेऊन ती बसली होती. जेवायला उठेना. पाणी दिलं तर म्हणाली, "नको काकू." ताप आहे का म्हणून मी कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी तिची आजी माझ्या कानाशी लागली, "बाई, पोरीला पहिल्यांदाच आलंय. चादर फाडून दिलीया. उठलं तर डाग दिसंल म्हणून सकाळपासनं तशीच बसलीया."

मी वही उलटून पाहिली. चार पानं भरली होती, पण सॅनिटरी पॅड कुठंच नव्हते. आले नव्हते, म्हणून नोंद नव्हती. आणि 'हे आलेलं नाही, मागवा' असं मीसुद्धा लिहिलं नव्हतं, बाई असून. यात दोष कुणाचा? सामान पाठवणारी माणसं भली होती. केंद्रातले कार्यकर्ते रात्रंदिवस राबत होते. पण याद्या करणारे बहुतेक पुरुष होते आणि ज्यांना गरज होती त्या तोंड उघडून मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यात ती पोर अख्खा दिवस एका जागी बसून राहिली. संध्याकाळी माझ्या मुलीनं औषधाचं एक उघडं दुकान शोधून पॅड आणले, तेव्हा ती पहिल्यांदा उठली आणि दोन पेले पाणी प्यायली.

पूर सगळ्यांच्या घरात सारखाच शिरतो, पण सगळ्यांवर सारखाच बेतत नाही. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, समुद्राचं पाणी गावांत घुसलं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. कारणं शोधली तेव्हा ती आपल्याच घरातली वाटावीत अशी निघाली. सूचना पुरुषांच्या कानावर बाजारात पडली, बायकांपर्यंत ती आलीच नाही. नवरा येईपर्यंत घर सोडायचं कसं, म्हणून त्या थांबल्या. अंगावरच्या कपड्यांनी पाय बांधले गेले, कडेवर मुलं होती आणि पोहता येत नव्हतं. पुढे त्या देशानं आपल्या वादळ-सूचना पथकांत मोठ्या प्रमाणात बायकांना घेतलं. आज तिथल्या स्वयंसेवकांत जवळपास निम्म्या बायका आहेत. बाईनं दार वाजवलं की घरातली बाई दार उघडते आणि घराबाहेरही पडते, इतका साधा विचार त्यामागे आहे.

आपल्याकडेही ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि लहान मुलं मोठ्या संख्येनं होती. कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकणारी पोरं मी लहानपणापासून पाहत आले. पोरी मात्र घाटावर धुणं धुवायला यायच्या. माझे दोन्ही भाऊ पट्टीचे पोहणारे आहेत. मला नदीकाठी आयुष्य काढूनही पोहता येत नाही. हा धोका पूर येण्याच्या कितीतरी वर्षं आधी तयार झालेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, वेळेवर बाहेर पडणं. 'मागच्या पुरात पायरीला लागलं नव्हतं' हा हिशेब २०१९ ने खोटा ठरवला. बाहेर पडताना बायकांनी साडीचा काष्टा घालावा किंवा सलवार-कमीज घालून ओढणी कमरेला बांधावी. पाण्यात उतरायची वेळ आलीच तर बुरखा काढून ठेवावा. हे मी आधी माझ्या घरातल्यांना ऐकवते आणि मगच इतरांना सांगते. जीव वाचवण्याच्या वेळी धर्म सवलत देतो, हे कोणताही जाणता मौलवी सांगेल. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि माणसं जास्त झाली असतील तर पुढच्या खेपेला थांबावं. आपल्या भागात गुऱ्हाळातली काहीलही होडीसारखी वापरतात. दुसरा इलाजच नसेल तर तिच्या मध्यभागी खाली बसावं, उभं राहू नये, एका कडेला झुकू नये.

आता निवारा केंद्रातल्या दिवसांबद्दल. तिथं बाईच्या आरोग्याचा पहिला प्रश्न शौचालयाचा असतो. शौचालय लांब आहे, अंधारात आहे, कडी नाही, बाहेर पुरुष उभे आहेत. अशा वेळी बाई काय करते? ती पाणी पिणंच सोडते. दिवसभर लघवी दाबून ठेवते आणि रात्री अंधार पडायची वाट पाहते. बाईचा मूत्रमार्ग पुरुषापेक्षा बराच आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवणं यानं त्यांना आयतं रान मिळतं. मग जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप. गरोदर बाईत हाच संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला तर दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याची भीती असते. म्हणून छावणीत पाणी भरपूर प्या, हा सल्ला तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा शौचालयाला कडी आणि दिवा असतो.

हे काही उपकार म्हणून मागायचं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ साली निवारा केंद्रांचे किमान निकष ठरवून दिले आहेत. दर ३० माणसांमागे एक शौचालय, बायका-मुलांची वेगळी सोय, शौचालय केंद्रापासून ५० मीटरच्या आत, राहायला माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, आणि बायकांसाठी सॅनिटरी पॅडसह गरजेच्या वस्तूंचा संच, हे सगळं त्यात आहे. जगभरातल्या मदत संस्था जे 'स्फिअर' निकष मानतात, त्यांत तर पुरुषांच्या एका शौचकूपाला बायकांची तीन, असं प्रमाण सांगितलं आहे. बायकांना वेळ जास्त लागतो, त्यांच्याबरोबर मुलं असतात, पाळी असते, एवढा विचार त्यामागे आहे.

पाळी पुरासाठी थांबत नाही. उलट भीतीनं, दगदगीनं ती अवेळी येते. घरी कापड वापरणाऱ्या बायका ते धुऊन कडक उन्हात वाळवतात. पुरात ऊन नसतं आणि चारचौघांत कापड वाळत घालायला जागा नसते. मग ओलंच कापड पुन्हा घेतलं जातं. त्यानं मांड्या सोलवटतात, खाज सुटते, बुरशी होते. म्हणून पूरकाळात शक्यतो पॅड वापरावेत आणि चार ते सहा तासांनी बदलावेत. बदलण्याआधी आणि नंतर हात साबणानं धुवावेत. पुराच्या पाण्यानं अंग धुऊ नये. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावेत, शौचालयात किंवा पाण्यात टाकू नयेत. एकदा शौचालय तुंबलं की त्याचा त्रास पुन्हा बायकांनाच होतो. मदत पाठवणाऱ्यांनी पॅडबरोबर आतले कपडे, साबण आणि कागदी पिशव्याही पाठवाव्यात. पॅड मिळाले पण आतले कपडेच भिजलेले, अशी अवस्था मी पाहिली आहे. आणि ही वाटणी बाईच्या हातून, आडोशाला व्हावी. चौकातल्या टेबलावरून आणि फोटो काढत मुळीच नको.

गरोदर बायकांची काळजी पूर येण्याआधीच सुरू व्हायला हवी. गावातली कोण गरोदर आहे, कुणाला कितवा महिना आहे, याची नोंद आशाताईंच्या वहीत असते. ज्यांचे दिवस भरत आले आहेत, त्यांना पाणी इशारा पातळीच्या खाली असतानाच दवाखाना जवळ असलेल्या गावी, माहेरी किंवा नातेवाइकांकडे हलवावं. बरोबर माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, लोहाच्या गोळ्या आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही घ्यावी. केंद्रात काही खुणांकडे सगळ्यांनीच लक्ष ठेवावं. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर-हातांवर सूज, पोटात तीव्र कळा, ताप, झटका, बाळाची हालचाल मंदावणं. यातली एक जरी खूण दिसली तरी '१०८' ला फोन करावा. 'सकाळी बघू' म्हणू नये.

आणि मदत येण्याआधीच बाळ येऊ लागलं तर? तेव्हाही काही गोष्टी हातात असतात. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, नाळ कापायला कोरं ब्लेड, बांधायला स्वच्छ दोरा आणि कापलेल्या नाळेला हळद, राख, शेण काहीही लावायचं नाही. बाळ पुसून कोरडं करावं, आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून पांघरूण घालावं आणि लगेच पाजायला घ्यावं. 'घाबरल्यामुळे दूध आटलं' असं म्हणून बाटली पुढे करू नये. भीतीनं दूध उतरायला थोडा वेळ लागतो, पण पाजत राहिलं की ते येतं. पुरात स्वच्छ पाणी नसताना डब्यातल्या पावडरीचं दूध आणि न उकळलेली बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. मदतीच्या गाड्यांतून बाळांच्या दुधाचे डबे सरसकट वाटू नयेत. त्यापेक्षा अंगावर पाजणाऱ्या बाईला बसायला एक आडोसा आणि पोटभर जेवण द्यावं.

पाणी उतरलं की पुरुष पंचनाम्याच्या मागे लागतात आणि बायका चिखलाच्या. ओटा, कपाटं, मोरी, भांडी सगळं त्याच उपसतात, बहुतेक वेळा अनवाणी आणि उघड्या हातांनी. लेप्टोस्पायरोसिस इथंच गाठतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. उंदरांच्या, जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू पायाच्या भेगेतून, बोटाच्या चिरीतून शरीरात शिरतात. बहुधा एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, पुढे कावीळ अशी लक्षणं दिसतात. गमबूट, हातमोजे वापरावेत. नसतील तर निदान पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, जखम झाकावी. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि गरोदर असाल, तान्हं बाळ अंगावर पीत असेल, तर तसं न लाजता सांगावं. ती गोळी गरोदरपणात चालत नाही.

काविळीची दुसरी एक जात बायकांनी विशेष लक्षात ठेवावी, हिपॅटायटिस 'ई'. ती दूषित पाण्यातून पसरते. २०१२ साली इचलकरंजीत आलेली तिची साथ पंचगंगाकाठच्या लोकांना आठवत असेल. एरवी बहुतेक माणसं तिच्यातून बरी होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जिवावर बेतू शकते. म्हणून पाणी खळखळून उकळूनच प्यावं. इंधन नसेल तर मेडिक्लोरसारखं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावं. घरात परतल्यावर आधी मेन स्विच बंद आहे ना ते पाहावं. सरपण, गोणपाट, अडगळ काठीनं हलवावी, कारण पुरात सापही निवारा शोधतात. साप चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यांत वेळ घालवू नये. हात-पाय स्थिर ठेवून सरळ रुग्णालयात जावं.

आता एक अवघड विषय. केंद्रात अनोळखी माणसं एका छताखाली येतात. दिवे नसतात, दारं लागत नाहीत, काहींच्या पोटात दारू असते. बहुसंख्य माणसं भलीच असतात, पण वाईट माणसाला एवढं पुरतं. म्हणून एकट्या बायका, मुली, लेकुरवाळ्या यांची वेगळी खोली असावी. शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा. रात्री दोघी-तिघींनी मिळून जावं. केंद्रात एक जबाबदार बाई आणि एक महिला पोलीस असावी. कोण आलं, कोण कुणाबरोबर गेलं, याची वही असावी. 'पोरीला शहरात काम देतो', 'हुंडा न घेता सून करून घेतो' असे दयाळू पाहुणे पुरानंतर उगवतात. संसार वाहून गेलेल्या बापाला तो आधार वाटतो. पण अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न हा तेव्हाही गुन्हाच असतो आणि कामाच्या नावाखाली गेलेल्या मुली सगळ्याच परत येत नाहीत. मुलांसाठी '१०९८', बायकांसाठी '१८१' आणि तातडीच्या मदतीसाठी '११२' हे क्रमांक केंद्राच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहावेत.

आणि अतिप्रसंग झालाच तर त्या बाईला पहिल्यांदा डॉक्टरांकडे न्यावं. नको असलेली गर्भधारणा आणि एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधं असतात, पण ती जितक्या लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत, घ्यावी लागतात. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयानं तिच्यावर तातडीनं आणि मोफत उपचार करावेत, असा कायदा आहे. तक्रारही कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण पुढे करता येत नाही. घराण्याच्या अब्रूसाठी तिला गप्प बसवण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, पुरात एवढं कोण बघणार? म्हणूनच ते उन्हाळ्यात बघायचं. ग्रामपंचायतीच्या, वॉर्डाच्या आपत्ती समितीत निम्म्या बायका घ्या. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटातल्या बायका यांना घराघरांतली माहिती असते. प्रत्येक घरात मे महिन्यातच एक पिशवी भरून ठेवा. त्यात आधार कार्ड, रेशनकार्ड, बाईच्या स्वतःच्या नावाचं पासबुक, औषधं, पॅड, आतले कपडे, साबण, विजेरी आणि शिट्टी असावी. मुलीची वह्या-पुस्तकंही प्लास्टिकमध्ये बांधा. पुरानंतर मुलगा शाळेत परत जातो, मुलगी घर आवरायला मागे राहते आणि कधी कधी कायमची मागे राहते.

त्या वर्षी १२ ऑगस्टला बकरी ईद होती. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी कुर्बानीसाठी साठवलेल्या पैशांतला मोठा वाटा पूरग्रस्तांना द्यायचा ठरवला. काय घ्यायचं, यावर चर्चा झाली. कुणी तांदूळ म्हणालं, कुणी चादरी. मी त्या मुलीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सत्तरीच्या माझ्या खालानं, जिच्या तोंडून हा विषय मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, सगळ्यांदेखत विचारलं, "ते पॅड केवढ्याला मिळतात?" त्या दिवशी आमच्या गाडीत तांदळाची पोती कमी आणि खोकी जास्त होती.

माझी नात आता आठ वर्षांची आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तिला पोहायला घातलं. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरेना, माझा पदर सोडेना. पंधरा दिवसांनी तिनं तलावाची एक रुंदी पार केली. तिथं शिकायला सव्वीस मुलगे होते आणि मुली तीन. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोघींना घेऊन जायचं मी ठरवलं आहे. त्यांच्या आयांशी बोलणं झालंय. एकीचे वडील अजून 'बघू' म्हणतायत.